खोलीतलं व्हायोलिन

मॉराग दर गुरुवारी आमच्या वृद्धाश्रमात व्हायोलिन वाजवायला येते. आम्ही कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरची म्हातारी माणसं. गुडघे गेले तरी नाचाची धून ऐकली की पाय आपोआप हलतात. ती वाजवते हॉलमध्ये, सगळ्यांसाठी. पण एखाद्या गुरुवारी नर्स तिच्या कानात काहीतरी सांगते. मग ती खुर्ची उचलून कुणाच्या तरी खोलीत जाते आणि एकट्या त्याच्यासाठी, त्याच्या आवडीचं वाजवते. पुढच्या गुरुवारी तो पलंग रिकामा असतो.

परवा माझा मुलगा मला शहरात तपासण्यांसाठी घेऊन गेला होता. "सगळं छान आहे, बाबा," म्हणाला. एरवी डायबेटिसवरून माझ्यावर ओरडणाऱ्या त्या पोराने वाटेत मला मोठ्ठं आइस्क्रीमसुद्धा घेऊन दिलं.

आज दुपारी हॉलमधलं वाजणं मध्येच थांबलं आणि आमच्या खोलीच्या दिशेने पावलं वाजू लागली. शेजारच्या पलंगावरचा लॉकी गेला महिनाभर अंथरुणाला खिळलेला आहे.

"लॉक्या, आली बघ तुझी पाहुणी," मी म्हटलं.

"गप रे थेरड्या! तुला पोचवल्याशिवाय मी जात नसतो."

आम्ही दोघंही खोकला येईपर्यंत हसलो. मॉराग आत आली. लॉकीने हसणं थांबवून डोळे घट्ट मिटून घेतले.



तिने खुर्ची माझ्या पलंगाशी ठेवली आणि हळूच विचारलं, "रॉडीकाका, तुमच्या आवडीचं काय वाजवू?"