उजवी पाकळी

खिंडीच्या तोंडाशी सायकलचं मागचं चाक बसलं. केरूनं चाकाला एक सणसणीत शिवी हासडली, फाटकी ट्यूब ओढून काढली आणि टायरमध्ये वाळकं गवत कोंबलं. तेवढ्यावर उतार निघाला. चढ आला तशी गवतानंही मान टाकली. मग त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि पायवाट धरली.

बुरोंडीला बोटीतून उतरल्यापासून त्याच्या पोटात पाणी गेलं नव्हतं. थांबायला मनच घेत नव्हतं. मुंबईला गोदीत निरोप पोचला होता : गाव देवरहाटी तोडायला काढतंय, उद्या सकाळी देवाचा कौल.

देवरहाटी म्हणजे देवाचं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही. त्या झाडांच्या मुळातून पऱ्या निघतो, आणि भर चैत्रात सगळ्या वाड्या त्याच पाण्यावर जगतात. झाडं गेली की पऱ्या आटला, हे शेंबड्या पोराला कळतं. गावचा मानकरी असलेल्या धाकू गावकराला कळत नव्हतं. महिपत ठेकेदार त्या झाडांचा कोळसा पाडणार, आणि बदल्यात उघड्यावरच्या देवावर पत्रे घालून देणार. देवाच्या डोक्यावरची सावली काढायची आणि वर पत्रे ठोकायचे! असली अक्कल फुकटचा मान खाणाऱ्यांनाच सुचते.

चढावर सदू भेटला. वाडीतलाच. डोक्यावर गवताचा भारा.

"काय रे केरू, मुंबैला सायकल माणसावर बसते काय?"

"गावाला गाढव गावकर चालतो, तशी."

सदू हसला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "उगा धावतोस. 'रान तोडू का', असंच देवाला विचारायचं, धाकूनं ठरवलंय. आणि लवू गुरव कालपासून नवं कोरं धोतर नेसून फिरतोय. ठेकेदारानं दिलंय."

केरूच्या डोक्यात तिडीक गेली. कौलाची रीत त्याला पोरवयापासून पाठ होती. गुरव देवाच्या पाषाणाला, उजव्या-डाव्या खांद्यावर, पाण्यानं जास्वंदीची एकेक पाकळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी कुठं कमी, कुठं जास्त, ते गुरवाच्या बोटात. आणि गुरवाचं बोट आता कुणाच्या मुठीत, ते सांगायला नको.

रहाटीला लागूनच गुरवाचं घर. लवू ओटीवर वाती वळत बसला होता.

"आलास? दमलास रे. गूळपाणी घे."

"लवूकाका, उद्या देव काय बोलणार?"

"विचारायचं ते मी विचारीन." म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. "तू मधी पडू नको. तुझं तोंड फार चालतं."

"धोतर झकास आहे."

"हाय ना. मी नको म्हटलं असतं, तर माझ्या पुतण्याला नेसवलं असतं आणि कौलाला त्यालाच बसवलं असतं."

केरूनं तांब्याला हात लावला नाही. सायकल कुडाला टेकवून, तिथलाच कोयता उचलून तो निघाला.

दिवस कलला होता. हद्दीबाहेरच्या फणसाला त्यानं कोयत्यानं चीर दिली, पानावर चीक घेतला. कोयता तिथंच ठेवला. रहाटीत लोखंड न्यायला त्याचाही हात धजेना. आत गारवा होता. वेली अंगाला घासत होत्या, वर शेकरं ओरडत होती. पाषाणाच्या उजव्या खांद्यावर त्यानं चिकाचं बोट फिरवलं, पातळ, दिसेल न दिसेल असं. उजवी पडायची नाही. होकार मिळायचा नाही. ठेकेदार बसेल बोंबलत.

सकाळी सगळ्या वाड्या जमल्या. महिपत टोपी काढून धाकूच्या शेजारी उभा. केरू अगदी पुढं. रात्रभर डोळा लागला नव्हता, पण आत उकळ्या फुटत होत्या.

लवूनं पाकळ्या लावल्या. हात जोडून त्यानं खणखणीत आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ही रहाटी तुझी. ती हाय तशी राखायची असंल तर उजवी दे. तोडायची असंल तर डावी दे!"

धाकूचं तोंड उघडं पडलं. महिपतनं त्याला कोपरानं ढोसलं. केरू पुढं झेपावला.

"काका, थांबा! पुन्हा लावा—"

"गप!" लवू कडाडला. "गाऱ्हाणं सुटलं. आता देव बोलेपर्यंत कुणी बोलायचं नाय. तू नाय, गावकरानं नाय!"

धाकूनं तोंड मिटलं. केरूला चार जणांनी मागं ओढलं, एकानं तोंडावर हात दाबला.

ऊन पानांतून खाली उतरलं. उजवी हलत होती, पण सुटत नव्हती. लवू तिच्याकडं एकटक बघत होता. पऱ्याचा आवाज तेवढा येत होता. मग डावी अलगद घसरली आणि पाषाणाच्या पायाशी पडली.

महिपतनं टोपी घातली. माणसं पांगू लागली, केरूला धरलेले हात सुटले. लवू जागचा हलला नव्हता. केरू जवळ गेला, तसा म्हातारा त्याच्या कानाशी पुटपुटला :

"उजवीला नुसतं ओलं बोट लावलं होतं रे मी. फुंकरीनंसुद्धा पडली असती."