लहान की मोठं

टेबलावर लाकडी विमान होतं आणि त्याच्या शेजारी दोन इंजिनं. एक लिंबाएवढं, दुसरं चांगलं पेरूएवढं.

“सांगा,” नरसिंहराव म्हणाले, “ह्याला कुठलं बसवू?”

नंदकिशोरने घाम पुसला. साठ सालचा माघ महिना. बंगळूरच्या त्या हवेत घाम फुटायला होणारा सासराच समोर बसावा लागतो.

नरसिंहराव विमान कारखान्यात इंजिनिअर. सुटीच्या दिवशी जयनगरच्या घरात छोटी विमानं बनवत आणि नयनाला मागणी घालणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न विचारत. विमान दर वेळी नवं. उत्तर चुकलं की नकार. पत्रिकेपेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. आता नंदकिशोर चुकला, तर चैत्रात नयनाचं लग्न हुबळीच्या आतेभावाशी होणार होतं. त्या भाच्याला मात्र मामांनी कधी काही विचारलं नव्हतं. घरच्यांची कसली परीक्षा!

नयना आणि नंदकिशोरचं सूत तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाच्या तालमीत जुळलेलं. काल लालबागेत ती घाईघाईने सांगून गेली होती, “लहान म्हण. पंखांना कागद चिकटवताना अण्णा स्वतःच बोलले. डोकं चालवू नकोस!”

पण डोकं चालवणं हाच नंदकिशोरचा धंदा. संशोधन संस्थेत तो विमानांच्या पंखांवरच काम करायचा. त्याने विमान उचलून हातात तोललं. बाल्साचं हलकं लाकूड मिळत नाही म्हणून सगळं जड देशी लाकूड वापरलेलं. लहान इंजिनाने हे धूड जमिनीवरून हललंही नसतं.

“आतून पोकळ आहे का?”

“छे, भरीव. घाई नाही. स्वल्प विचार करा.”

पडद्याआड बांगड्या किणकिणल्या. नयना ऐकत होती. आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा की तिच्यावर? बापाच्या धाकात वाढलेली मुलगी त्याच्यासाठी केवढं धाडस करून बसली होती! नंदकिशोरला एकदम भरून आलं. तिचं आज ऐकलं नाही, तर जन्मभर काय ऐकणार?

“लहान,” तो म्हणाला.

“नक्की?”

“अगदी नक्की.”

नरसिंहराव हसले. इतकं मोकळं हसताना त्यांना घरात कुणी पाहिलं नव्हतं. नयना चहा घेऊन बाहेरच आली. चेहऱ्यावरचा आनंद तिला लपवता येत नव्हता.

“सरी, ठरलं तर,” नरसिंहराव म्हणाले. “हिच्या आत्याला आजच कळवतो.”

“काय कळवणार, अण्णा?”

“चैत्रातला मुहूर्त बघा म्हणून.” त्यांनी लेकीच्या हातातला कप घेतला आणि शांतपणे नंदकिशोरपुढे ठेवला. “ह्याला मोठंच इंजिन लागतं, हे शेंबडं पोरही सांगेल. लहान म्हणून मी फक्त नयनाला सांगितलं होतं.”