थोरला भाऊ कोणी होईना

बायबलातला उधळ्या पुत्राचा दाखला वाचून झाला आणि चर्चचे पाळक म्हणाले, "आता प्रत्येकानं दाखल्यातला एकेक जण व्हायचं आणि त्याच्या तोंडून बोलायचं."

या अभ्यासवर्गाची ही रीतच होती. आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना उधळ्या पुत्रच व्हायचं होतं. ज्यानं जन्मात दुसऱ्याला चहा पाजला नाही तो बँकेतला कारकून डोळे पुसत म्हणाला, "बापाचा पैसा उधळून मी डुकरांत बसलो होतो." मग निवृत्त मुख्याध्यापिकाबाई डुकरांत बसल्या. त्यांच्यामागून आणखी दोघं. डुकरांनाच जागा उरली नाही.

खरा उधळ्या, म्हणजे ज्या घरात वर्ग भरला होता तिथला धाकटा मुलगा, पप्पांच्या खुर्चीशेजारी मान खाली घालून बसला होता. आठवड्यापूर्वीच परतला होता. थोरली बहीण बाजारातून येईपर्यंत पप्पांनी तिची शिवणाची खोली त्याला देऊनही टाकली होती. ज्या मशीनवर घर चालायचं ते जिन्याखालच्या अंधारात गेलं आणि शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे न्हाणीघराच्या दाराशी. शाळा तर तोंडावर आलेल्या.

"थोरला भाऊ कोणी होतच नाही," पाळक थोरलीकडे वळून हसले. "ताई, तुम्ही व्हाल का?"

"व्हायचं काय त्यात? आहेच मी."

"मग बोला की त्याच्या तोंडून."

"मला माझी खोली परत पाहिजे."

कोणीतरी उगाच खाकरलं. मुख्याध्यापिकाबाई समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "अगं, तो भाऊसुद्धा, धाकट्यासाठी मेजवानी झाली नि आपल्याला कधी एक करडूही मिळालं नाही म्हणून रुसला होता. अर्थ ध्यानात घे. मन मोठं कर."

"बाई, मी करडू मागत नाहीये. मशीनला प्लग आणि डोळ्यांना उजेड मागतेय."

"ताई, हे सगळ्यांसमोर कशाला?" धाकटा पुटपुटला.

"मशीन हलवलंस तेव्हा मला समोर बोलावलं होतंस?"

ती उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

आत पाळकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "दाखल्यात यापुढे बाप बाहेर येतो आणि थोरल्याची समजूत काढतो," आणि त्यांनी जीभ चावली.

"मला उठवा," पप्पा म्हणाले. "मला जायचंय तिच्याकडे."

पप्पांची डावी बाजू पक्षाघातानं गेलेली. त्यांना उठवणं, बसवणं, निजवणं आजवर एकट्या थोरलीनंच केलेलं. आत खुर्ची करकरली. धाकट्यानं काखेत हात घातले असावेत, कारकुनानं पाय धरले असावेत. "तिकडून नको, इकडून." "अहो, तुम्ही ओढताय कशाला?" थोरली कान टवकारून बसली होती. उठायचं नाही, तिनं ठरवलं. एकदा तरी येऊ देत माझ्याकडे.

तेवढ्यात पप्पा कळवळले.

ती तडक आत गेली. "सोडा. सगळे बाजूला व्हा."

ती वाकली, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून उभी राहिली. "हं, हात टाका गळ्यात. माझी समजूत काढायला बाहेर यायचंय ना? चला, नेते."

पप्पांनी चांगला हात तिच्या गळ्यात टाकला. ती त्यांना पेलत दाराकडे वळली, तसं त्यांनी तिच्या कानाशी विचारलं, "रागावलीस?"

"हो," ती म्हणाली. "उंबरा आलाय. पाय उचला."