पाऊण अँपिअर

वत्सलाबाईंच्या छातीतलं यंत्राचं हृदय कमरेच्या बॅटरीवर बारा तास चालायला हवं होतं; आठवडाभर ते आठच तास चालत होतं. मोबाइलवर यंत्राकडून ‘सर्व व्यवस्थित’ येत होतं, पण रंगनाथ दुसान्यांनी चाळीस वर्षं वायरमनकी केली होती. त्यांनी आधी मीटर चांगल्या सेलवर तपासून घेतला आणि मग त्याचा चिमटा बायकोच्या बॅटरीच्या वायरीवर बसवला.

“बारा व्होल्ट, पाऊण अँपिअर. म्हणजे नऊ वॅट. सहा हवेत! रेझिस्टन्सही चोविसावरून सोळा ओहमवर आलाय. पंप बिघडतोय.”

“आप्पा, सकाळी मी मोजला तेव्हा अर्धाच अँपिअर होता,” सून रोहिणी म्हणाली.

“चिमटा नीट बसला नसेल तुझा.”

रोहिणीने मीटर घेतला आणि त्यांना अंगणात पाठवलं. थोड्या वेळाने काटा अर्ध्यावर आला. रंगनाथ परत येऊन खाटेवर टेकले, तसा तो पाऊण अँपिअरवर चढला. त्यांनी तीनदा आत-बाहेर करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

पंप ठणठणीत होता. शरीर सांगेल तसा वेग वाढवायचा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बॅटरीचे चार तास म्हणजे थोडे नव्हेत. आठवडाभर वत्सलाबाईंच्या उशाशी टाकलेली आपली खुर्ची रंगनाथांनी उचलली आणि अंगणात नेऊन ठेवली.

“अहो,” आतून वत्सलाबाईंनी हाक मारली, “या आत. बॅटरी बदलता येते.”