डी ड्राइव्हमधलं गाठोडं

पुजाने आईच्या फोटोवर तिसऱ्यांदा क्लिक केलं. कॉम्प्युटरने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, फोल्डर सापडत नाही.

"आलं ना बराबर डी मधी?" दारातून तिच्या बाने, उत्तमसिंगांनी विचारलं. "म्या माझ्या हातानं नेलं. त्या सुदामला हात लावू दिला न्हाई. तांडा हलायचा तवा घरच्या माणसाचं गाठोडं घरच्यानंच उचलायचं, असं माझा आजा म्हणायचा."

सकाळी पुजा बांगड्या भरायला गेली, तेवढ्यात हिंगोलीहून सुदाम मेकॅनिक आला होता. सी ड्राइव्ह गच्च भरलेला. 'ठेवायचं ते डी मध्ये ओढा, सी मी साफ करतो,' तो म्हणाला. बाने माऊस घट्ट धरला आणि लेकीने शिकवलं होतं तसं बायकोचा, पारुबाईचा फोटो ओढत नेला. सुदामने सी पुसून टाकला.

फोटोच्या कोपऱ्यात इवलासा बाण होता. म्हणजे हे खरं फोल्डर नव्हतं, त्याकडे नेणारी नुसती खूण होती. तो शॉर्टकट तिचाच. बाला वाचता येत नाही, फोल्डरांच्या गर्दीत ते चुकतील, म्हणून तिनेच आईचा फोटो लावून एक सोपं दार करून दिलं होतं. बिचाऱ्याने दार तेवढं जपून नेलं. घर सी मध्येच राहिलं होतं.

त्या फोल्डरमध्ये एकच गोष्ट होती. पारुबाईच्या आवाजातला ढावलो. सासरी निघताना तांड्यातली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं गाते, ते. दुखणं वाढलं तेव्हा पारुबाईने ते लेकीसाठी मोबाइलवर म्हणून ठेवलं. तो मोबाइलही पुढे पाण्यात पडून गेला. शिकू की, पळून का जातंय, असं म्हणत पुजाने दोन वर्षं काढली. माणूस मेलेल्याचा आवाजसुद्धा उद्यावर टाकतो. आणि उद्या तर तिची पाठवणी होती.

बा मात्र रोज संध्याकाळी तो ऐकायचे. बाहेर बाजेवर, दाराकडे पाठ करून. पोरीसमोर रडू येऊ नये म्हणून. गाण्याच्या मध्येच पारुबाईला खोकला यायचा, आणि त्यामागून बाचाच आवाज, "पाणी पी, पारू." मग पुन्हा गाणं.

"काहून गप बसली?" बा म्हणाले. "लाव की. आज दोघं मिळून ऐकू. उद्यापासून म्या एकटाच हाय."

खरं सांगावं म्हणून पुजाने तोंड उघडलं. बा आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. ज्या हाताने नेलं, त्या हाताकडे, कौतुकाने.

"लावते," ती म्हणाली. "तुमी बसा बाहीर."

बाज करकरली. पुजाने दार लोटलं, हळदीने पिवळा झालेला हात छातीशी धरला आणि सुरुवात केली. शिकली नव्हती, पण दोन वर्षं रोज कानावरून गेलं होतं. शब्द आपोआप येत गेले. आवाज आईसारखा खाली ठेवताना घसा दुखला. रडू येत होतं, ते गाण्यातच मिसळत गेलं. बरं झालं, ते गाणंच रडायचं होतं.

मधली जागा आली. पुजा थांबली आणि आई खोकायची तशी खोकली.

मग तिच्या ध्यानात आलं, यापुढचं वाक्य तिच्याकडे नाही. ते बाच्या आवाजातलं होतं. तेही पुसलं गेलं होतं. ती तशीच उभी राहिली.

मग बाजेवरून आवाज आला.

"पाणी पी, पुजा."