नमुन्याची खोली

नुसतं टाइप करून जगभरच्यांनी एकत्र खेळायच्या खेळांचा सर्व्हर प्रेमलाने प्रेमनगरच्या घरी चार वर्षं खपून लिहिला होता. नमुन्यादाखल त्यात एक रिकामी खोली होती. शेवटच्या चाचणीत तिने ‘पाहा’ टाइप केलं.

‘खोलीत एक बाई बसली आहे. दाराकडे तिची पाठ आहे.’

हे तिने लिहिलंच नव्हतं. दाराकडे पाठ मात्र तिचीच होती.

“रहने दे, आज नको सोडूस,” पडद्यावरचं वाचून तिचा भाऊ विद्याधरदादा म्हणाला.

“घाबरवलं म्हणून थांबणारी नाही मी.” तिने खुर्ची फिरवून भिंतीला घट्ट टेकवली आणि सर्व्हर सगळ्यांसाठी खुला केला.

संध्याकाळी चिलीहून पहिला ईमेल आला. ‘सर्व्हर उत्तम. पण त्या बाईच्या आणि भिंतीच्या मधे कोण उभं आहे?’

प्रेमला जागची हलली नाही. तिने उत्तर लिहिलं, ‘त्यालाच विचारा.’