डाउनलोड पूर्ण

पडद्यावर ओळ उमटली: 'डाउनलोड पूर्ण, शंभर टक्के.' रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीतून आलेल्या इंटरनेटच्या तारेकडे. तिच्या डबीवरचा दिवा सकाळपासून विझलेला होता. कोपऱ्यावर रस्ता खणणाऱ्यांनी तार तोडली होती, आणि मोबाइलचा टॉवरही त्याच तारेच्या जिवावर चालायचा.

"खोटारडं कुठलं!" त्या संगणकाला म्हणाल्या.

एरवी त्यांनी ते हसण्यावारी नेलं असतं. पण वरच्या मजल्यावर तीन दिवसांचं बाळ काविळीने पिवळंधमक पडलं होतं, आणि त्याचं रक्त बदलायचं की नाही हे तपासणीच्या आकड्यावर ठरणार होतं. तपासणीचं यंत्र ठणठणीत होतं. पहाटे वीज गेली तेव्हा ते चालवणाऱ्या संगणकातला प्रोग्राम तेवढा बिघडला होता. नवा बसवायचा तर आधी उतरवायला हवा, आणि नेटचा पत्ता नाही. दुसरी प्रयोगशाळा गाडीने अडीच तासांवर. मनाची समजूत म्हणून बाईंनी संगणकातल्या लिनक्सला प्रोग्राम उतरवायची आज्ञा देऊन पाहिली, तर पठ्ठ्या क्षणात 'पूर्ण' म्हणून मोकळा!

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई दारात आल्या. "आलं का नेट? की बाळाला गाडीत घालू?"

"दोन मिनिटं द्या मला."

अर्धवट फाइल बसवली असती तर अख्खा संगणकच आडवा झाला असता. 'पुढे जाऊ का?' या त्याच्या प्रश्नाला उत्तर न देता बाईंनी उतरवलेल्या फाइलींचा फोल्डर उघडला. फाइल तिथे होती. पूर्ण, धडधाकट. तारीख मात्र आजची नव्हती. अकरा दिवसांपूर्वीचा शुक्रवार, दुपारचे पावणेपाच.

पावणेपाच म्हणजे काका. तीस वर्षं ही खोली सांभाळून त्याच शुक्रवारी ते निवृत्त झाले होते. दर शुक्रवारी घरी निघण्याआधी ते सगळे नवे प्रोग्राम उतरवायचे. बसवायचे नाहीत, नुसते ठेवायचे. "साठेबाजी करताय का, काका?" म्हणून बाई त्यांची टर उडवायच्या. टेबलावर उद्याच्या कामांचा कागद होता. त्यावरचं पहिलंच काम, बाईंच्याच अक्षरात: 'काकांची अडगळ पुसणे.'

बाईंनी तो कागद बाजूला सारला.

संगणकाने काहीच उतरवलं नव्हतं. घरात होतं ते उचललं आणि 'आणलं' म्हणून सांगितलं.

बाईंनी 'हो' दाबलं. प्रोग्राम बसला, यंत्र घरघरलं. वीस मिनिटांत आकडा आला, धोक्याच्या रेषेच्या थोडा अलीकडे. "रक्त नाही बदलावं लागणार. निळ्या दिव्याखाली ठेवून भागेल," म्हणत डॉक्टरीणबाई जिना चढत पळाल्या.

थोड्या वेळाने बाळाची आजी खाली आली. दारातच तिने हात जोडले. "बाई, नेट बंद असताना तुम्ही कुठून तरी ते आणलंत म्हणे. तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो आजी..." बाई थबकल्या. एक नमस्कार घ्यायला कितीसं अवघड असतं? पण 'पूर्ण' म्हणणारा तो पडदा त्यांच्या पाठीमागेच उजळलेला होता.

भिंतीवरचा जुना फोन चालू होता. त्याची तार वेगळी. बाईंनी नंबर फिरवला.

"काका, मी बोलतेय. नाही हो, काही बिघडलेलं नाही. थांबा, तुमच्याशी कुणाला तरी बोलायचंय."

रिसीव्हर त्यांनी आजीच्या हातात दिला. "ज्यांनी आणून ठेवलं होतं ना, ते हे. त्यांनाच सांगा."

आजीने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि बोलायला सुरुवात केली. बाळाचं नाक कुणासारखं, सून कशी रात्रभर बसून होती, सगळं. बाईंनी कागदावरची पहिली ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'दर शुक्रवारी, पावणेपाच.'

आजी मध्येच थांबली. रिसीव्हर कानापासून दूर धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अहो बाई, लागलाय ना हा? पलीकडून कुणी बोलतच नाही."

एकदा बोलायला लागले की आवरायचे नाहीत, असे काका.

"लागलाय, आजी," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोला. पोचतंय सगळं."